दुपारच्या झोपेतला घाणा

इंझोरीत दुपारी दोनच्या सुमारास कोणी दौलतरावांच्या अंगणात आलं, तर त्याला दौलतराव दिसायचे, पण भेटायचे नाहीत. निंबाखालच्या बाजेवर तोंडावर दुपट्टा ओढून ते पडलेले असत. हाका मारा, बाज हलवा, काही उपयोग नाही. ते त्या वेळी घाण्यावर गेलेले असत.

घाणा म्हणजे तेलाचा घाणा, लाकडाचा, बैलावर चालणारा. आता इंझोरीत असा घाणा कुठला, असं तुम्ही विचाराल, आणि बरोबरच विचाराल. नव्हताच. तो होता दौलतरावांच्या झोपेत, आणि झोपेतसुद्धा इंझोरीत नाही, तिकडे कामरगावात, जीपा थांबतात तिथून चार दुकानं सोडून, एका निळ्या शटरच्या आत. डोळा लागला की आधी वास यायचा. करडीच्या ताज्या तेलाचा, कोमट आणि किंचित गोड. मग लाकडाची कुरकुर ऐकू यायची. मग डोळ्यांवर झापड बांधलेला एक तांबडा बैल गोल गोल फिरताना दिसायचा, आणि गल्ल्यावर बसलेल्या भागिरथाबाई, म्हणजे त्यांची बायको, गळ्यात सोन्याची एकदाणी घालून, गिऱ्हाइकाचा डबा भरून देताना दिसायच्या.

हे स्वप्न साधं नव्हतं. ते दर वर्षी पुढं सरकायचं. पहिल्या वर्षी नुसता बैल होता. दुसऱ्या वर्षी बैलाला नाव पडलं. तिसऱ्या वर्षी गिऱ्हाइकांची रांग लागली आणि दौलतराव त्यांतल्या काहींना चेहऱ्यानं ओळखायला लागले. चार वाजता गावातली पिठाची गिरणी सुरू झाली की बैल थांबायचा, वास विरायचा, आणि डोक्यावर निंबाची पानं हलताना दिसायची. तोवर भागिरथाबाई चहा घेऊन आलेल्या असत.

"काय म्हणते घाणा?" त्या विचारायच्या.

"बरा चालू हाय. पण आज तेल कमी सुटलं."

"करडी उन्हात टाकली होती का आधी? थंड्या करडीले तेल सुटत नाई."

दौलतराव मान डोलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी झोपेत गेले की आधी करडी उन्हात पसरायचे. तेल बरं सुटायचं. याला तुम्ही वेड म्हणा, पण त्या घरात ते चहासारखं रोजचं होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

भागिरथाबाई कामरगावच्या. त्यांच्या वडिलांचा बैलघाणा होता. त्या लहान असतानाच दुकानात डब्यातलं तेल स्वस्त मिळायला लागलं, घाणा बंद पडला, लाकूडही विकलं गेलं, आणि त्या जागी एक निळं बंद शटर राहिलं. पण घाण्याच्या आवाजात झोपून मोठं झालेल्या माणसाला पुढं कुठलंही घर जरा जास्तच शांत वाटतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "मले लुगडं नको, काही नको. जमलं तं एक घाणा लावून द्या." दौलतराव "लावू" म्हणाले होते. त्यालाही आता पोरं मोठी होऊन आपापल्या संसाराला लागतील इतका काळ लोटला. बाईंनी परत कधी विषय काढला नाही, आणि दौलतरावांनी दिलेला शब्द कधी डोक्यातून गेला नाही. खरी अडचण हीच होती.

तसे दौलतराव खाऊन पिऊन सुखी. सोयाबीनच्या बियाण्यासाठी त्यांचं नाव होतं. लोक दुकानातली पिशवी बाजूला ठेवून त्यांच्याकडे येत, कारण दौलतराव तपासल्याशिवाय बियाणं कोणाला देत नसत. मे महिन्यात त्यांच्या ओसरीवर ओल्या गोणपाटांच्या गुंडाळ्या सावलीत रांगेनं पडलेल्या असायच्या. शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गोणपाट गुंडाळायचं, रोज पाणी शिंपडायचं, आणि काही दिवसांनी उघडून किती उगवले, किती मेले ते पाहायचं. बियाणं म्हातारं झालं की वरून कळत नाही. दाणा तसाच गोल, तसाच पिवळा. आत जीव आहे की नाही, ते ओलं गोणपाटच सांगतं.

शेजारचा शालिग्राम मात्र या भानगडीत पडायचा नाही. "कायले पाह्याचं दौलतराव, चांगलंच असीन," असं म्हणून तो गेल्या सालचं बियाणं तसंच पेरायचा. एकदा दौलतरावांनी त्याला भर चावडीवर ऐकवलं होतं, "तुह्या मनात भरोसा नाई शालिग्राम. तुले गोणपाट उघडाचं भेव वाटते." लोक हसले होते. शालिग्रामही हसला होता, पण थोड्या वेळानं.

असा हा माणूस. आणि याच माणसानं ते नाणं घेतलं.

कोरोना ओसरत होता, त्या वर्षीचा दसरा. दौलतरावांचा भाचा सतीश पुण्याला एका ऑफिसात कामाला होता. कामरगावहून जीपनं येताना मामी त्या निळ्या बंद शटरकडे कशी मान वळवून पाहत राहते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पोरगं मनानं लय चांगलं. त्यानं फोनात घेऊन ठेवायच्या त्या नाण्यांबद्दल मामाला सांगितलं. हातात घ्यायचं नाणं नाही, डोळ्यानं दिसायचं नाही, पण भाव वाढला की असा वाढतो. त्याचं इंग्रजी नाव काही दौलतरावांच्या जिभेवर बसलं नाही. घरात ते नुसतं "नाणं" राहिलं.

एकदाणी मोडायचं भागिरथाबाईंनीच सुचवलं. "गळ्यात बसून काय करते ते? घाण्याच्या कामी येईन तं येऊ द्या." त्यांनी ती काढून दिली तेव्हा मानेवर मण्यांची फिकट खूण राहिली होती. दौलतरावांनी ती पाहिली आणि दुसरीकडे पाहिलं.

सतीशनं एक नवा फोन आणला, त्यात नाणं ठेवलं, फोन बंद केला आणि मामाच्या हातात दिला. "आता चार दसरे याले विसरून जा मामा. भाव चढो का पडो, पाह्याचं नाई. लोकं पाहतात अन् भेवून इकून टाकतात, तिथीच मार खातात. कोनी काही सांगो, उघडू नका. उद्या म्याच येऊन उघडा म्हणलो, तरी आयकू नका."

भागिरथाबाईंनी तो फोन लाल फडक्यात बांधला आणि देवघरात देवीच्या तसबिरीमागं ठेवला. आता देवघरातल्या वस्तूला कोण हात लावणार? दसऱ्याला पाभर, विळा, खुरपं यांची पूजा झाली की तो फोन बाहेर यायचा. फडक्यावरूनच त्याला हळदीकुंकू लागायचं, आपट्याचं पान वाहिलं जायचं आणि तो परत तसबिरीमागं जायचा. फोनला सोनं वाहणारं जोडपं अख्ख्या वाशिम जिल्ह्यात दुसरं असेल असं मला तरी वाटत नाही. असेलही बाप्पा, कोणाच्या देवघरात काय असतं कोणी पाहिलंय.

त्याच दसऱ्यानंतर दौलतराव दुपारी घाण्यावर जायला लागले.

मधे एक गोष्ट झाली. दुसऱ्या वर्षीच्या होळीच्या आसपास, दुपारी, दौलतराव नुकते घाण्यावरून परतले होते. अंगात अजून तो वास होता. त्यांचा रोजचा, साधा फोन वाजला. सतीश होता.

"मामा, तो फोन एकदा उघडा लागते. म्या सांगतो तसं करा, नाईतं मी येतो."

"काहून?"

"ते लोकं नाणं बदलून राह्यले. आपल्यालेबी बदलून घ्या लागन."

दौलतराव हसले. "वा रे बेट्या. तूच म्हणला होता ना, म्या सांगलं तरी आयकू नका? पास झालो का मी?"

"मामा, मजाक नाई हे."

आवाज जरा निराळा लागला. पण फोनवर सगळ्यांचेच आवाज निराळे लागतात. निंबाखाली वारं सुटलं होतं, ऊन पानांतून गळत होतं, आणि झोपेतल्या त्या रांगेतली माणसं अजून डोळ्यांपुढं उभी होती. दौलतराव म्हणाले, "पास झालो मी. ठेव आता," आणि त्यांनी फोन ठेवला.

आठ दिवसांनी सतीशनं मामीला फोन केला. भागिरथाबाईंनी निरोप सांगितला, "सतीश म्हणते, उघडा एकदा."

"पोरगं परीक्षा घेऊन राह्यलं आपली," दौलतराव म्हणाले.

बाईंनी एकदा देवघराकडे पाहिलं. मग चहाच्या कपबश्या उचलून आत गेल्या. सतीशचा त्या विषयावर परत फोन आला नाही, आणि घाण्यावरची रांग वाढत गेली. मानोऱ्याहून एक माणूस गुरांसाठी ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, न्यायला यायला लागला. पोहरादेवीच्या जत्रेला निघालेले लोक वाटेत थांबून बाटल्या भरून नेऊ लागले. बैल म्हातारा होईल म्हणून दौलतरावांनी झोपेतच एक गोऱ्हा पाहून ठेवला.

चौथा दसरा आला. सतीश सकाळीच पुण्याहून येऊन पोहोचला. कारंज्याहून जीपनं आला होता, केस धुळीनं भुरके झाले होते. उंबऱ्यातच त्यानं विचारलं, "मामा, मधात कधी उघडला होता का? दुसऱ्या कोनाकडून?"

"ना बाप्पा. शब्द म्हंजे शब्द."

सतीश उंबऱ्यातच खाली वाकला. पायातल्या चपला काढायला त्याला फार वेळ लागला.

फडकं सोडलं. चार वर्षांच्या हळदीनं ते पिवळं पडलं होतं. फोन सकाळभर चार्जिंगला लावला तेव्हा कुठं त्यात उजेड आला. दौलतरावांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. भागिरथाबाई पुरणाचा हात धुऊन येऊन दाराशी बसल्या. सतीशनं बराच वेळ फोनात बोटं फिरवली, आणि मग तो मामापुढं धरला.

"हाय ना सगळं?" दौलतरावांनी विचारलं. जेवढं घेतलं होतं तेवढंच दिसत होतं, आकडा त्यांना पाठ होता. तसूभरही कमी नव्हता.

"हाय मामा. सगळं हाय. पण आता ते कोनी घेत नाई."

दौलतरावांना कळलं नाही. सतीशनं सांगितलं, खाली पाहून सांगितलं. नोटबंदी झाली होती तसं समजा. चालवणाऱ्यांनी जुनं नाणं बंद करून नवं काढलं, जुनं द्या आणि नवं घ्या म्हणाले, त्याला मुदत दिली. ती मुदत जाऊन आता दोन वर्षं होत आली. लोक नव्यावर गेले. जुन्याला आता भाव नाही, गिऱ्हाईक नाही, बाजारही नाही. ते फोनात आहे, आणि फोनातच राहणार.

"तुह्यं?" दौलतरावांनी विचारलं.

"माह्यं बदलून झालं. मी रोज पाहत होतो."

"रोज?"

"रोज, मामा. चहा पेता पेता पाहा लागते, काय चाललं त्याचं. इकाचं नाई, पण पाहा लागते. तुमाले विसरा म्हणलो. पाहत राहा म्हणलोच नाई." पोरानं फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "म्या येऊन पडाले पाह्यजे होतं इथी. तुमी हसले अन् मले राग आला. मंग लाज वाटून राह्यली."

दौलतराव त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले, पण हात मधेच राहिला. सतीशच्या हातातला फोन उजळलेला होता आणि तो आकडा तसाच गोल, तसाच पिवळा दिसत होता. बाहेर पोरं सोनं वाटत फिरत होती. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," असं कोणीतरी दारातून म्हणालं आणि भागिरथाबाईंच्या हातात आपट्याची पानं देऊन गेलं. बाईंनी ती मुठीत घेतली. मग उठल्या आणि म्हणाल्या, "सतीश, जेवून घे. पुरण थंडं होते."

दुसऱ्या दिवशी सतीश गेला. फोन परत देवघरात गेला नाही. तो ओसरीच्या कोनाड्यात पडला, आणि दोन दिवसांत आपोआप बंद झाला.

दौलतराव दुपारी झोपेनात. दोन वाजले की बाजेवर बसून राहायचे. चार वाजता गिरणी सुरू व्हायची, चहा यायचा, आणि भागिरथाबाई घाण्याचं काही विचारायच्या नाहीत. सगळं आयुष्य एका घरात काढलं, पण असा चहा त्या घरात कधी प्यायला गेला नव्हता.

कोजागिरीच्या दुपारी मात्र तोंडावर दुपट्टा ओढून ते जरा आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. वास आला नाही. निळं शटर वर होतं, बैल फिरत होता, पण लाकूड कुरकुरत नव्हतं, आणि घाण्यातून थेंबही पडत नव्हता. गल्ल्यावर कोणी नव्हतं. रस्त्यानं ती सगळी ओळखीची गिऱ्हाइकं डबे घेऊन चालली होती, दुकानापुढूनच, पण थांबत नव्हती. दौलतरावांनी ढेप न्यायला येणाऱ्या त्या मानोऱ्याच्या माणसाला हटकलं.

"कुठी चालले गा सगळे?"

"नव्या घाण्यावर," तो म्हणाला. "तुमाले कोनी सांगलं नाई काय?"

"सांगलं होतं," दौलतराव म्हणाले.

त्या शब्दांनीच ते जागे झाले. गिरणी अजून सुरू झाली नव्हती. भागिरथाबाई बाजेच्या पायथ्याशी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"मले समजलं होतं," दौलतराव म्हणाले. दुपट्टा अजून तोंडावरच होता. "सतीशचा फोन आला तवा. मजाक नोहोय, हे मले त्याच्या आवाजावरूनच समजलं होतं. पास झालो म्हणून म्या हसून नेलं."

बाईंचे हात थांबले.

"भेव वाटलं मले. उघडला अन् त्यात काही नसलं तं? मंग दुपारी कुठी जाऊ मी? तुले काय सांगू चहाच्या टायमाले?"

बाईंनी हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले. मग भागिरथाबाई म्हणाल्या, "शालिग्रामले काय म्हणत होते तुमी चावडीवर?"

दुपट्ट्याखाली दौलतरावांचे डोळे ओले झाले होते, आणि ते बाईंना दिसू नयेत म्हणून त्यांनी तो आणखी वर ओढला. बाईंनी शेंगांचं सूप उचललं आणि त्या आत गेल्या.

दोन दिवसांनी त्या कामरगावला भावाकडे जाऊन आल्या. येताना एका पिशवीत करडी आणली आणि दौलतरावांपुढं ठेवली.

"भावाच्या घरची हाय, दोन वर्साची. खालच्या वावरात पेरू. घाणा नाई तं नाई, पिकली तं कुठूनबी पिळून आणू. पण आधी पाहून घ्या."

दौलतरावांनी पिशवीत हात घातला. दाणे पांढरे, टणक, टपोरे. वरून काही कळत नव्हतं. त्यांनी गोणपाट भिजवलं, ओसरीवर बसून दाणे ओळीनं मांडले, गुंडाळी केली आणि सावलीत ठेवली. रोज सकाळी त्यावर पाणी शिंपडायचे. भागिरथाबाई येता-जाता त्या गुंडाळीकडे पाहायच्या. दुपारी दौलतराव तिच्याच शेजारी भिंतीला टेकून बसायचे, आणि अर्धवट गुंगीत त्यांना वाटायचं की आत काहीतरी हलतंय, आणि लगेच वाटायचं की नाही हलत.

आठवडा झाला. त्या दिवशी चहा झाला तरी दौलतराव गुंडाळीला हात लावेनात. म्हणाले, "आनखी एक दिस राहू दे. थंडी पडली हाय, उगवाले येळ लागन."

भागिरथाबाईंनी कपबशी खाली ठेवली आणि त्या त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. गळ्यात नुसती काळी पोत होती. एकदाणीची ती फिकट खूण केव्हाच पुसून गेली होती.

"उघडा," त्या म्हणाल्या. "मी हाय इथी."

दौलतरावांनी गोणपाटाची सुतळी सोडली. त्यांनी एकेक घडी सावकाश उलगडली, शेवटपर्यंत. ओल्या तागाचा वास आला. काही दाण्यांना पांढरे कोंब आले होते, काही जसेच्या तसे पडले होते. गिरणी सुरू झाली होती, म्हणून बाईंना नीट ऐकू जावं इतक्या मोठ्यानं ते मोजायला लागले. त्यांनी आधी मेलेले दाणे मोजले.